आयर्लंडची बेटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चौदा वर्षं मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेत राहते. हवा स्वच्छ असली की साल्टहिलच्या किनाऱ्यावरून अरानची बेटं क्षितिजावर दिसतात. घरी येणारे पाहुणे आणि इथे नव्याने नोकरीला लागलेली मराठी मुलंमुली त्याबद्दल विचारत राहतात. ज्यांनी ही बेटं फक्त स्वेटरच्या जाहिरातीत पाहिली, त्यांचेही प्रश्न येतात. बरेचसे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आयर्लंडची बेटं म्हणजे नेमकी कोणती? तिथे अजून कोणी राहतं का?

राहतं. पूल नाही, भराव नाही, बोटीशिवाय किंवा छोट्या विमानाशिवाय पोचता येत नाही अशा बेटांवर मिळून आज सुमारे ३,००० माणसं राहतात. यातली बहुतेक बेटं पश्चिमेच्या, अटलांटिकच्या बाजूला आहेत. उत्तरेकडून खाली यायचं तर डॉनेगलचं टोरी, मेयोचं क्लेअर बेट, मग इनिशबोफिन, गॉलवे उपसागराच्या तोंडाशी अरानची तीन बेटं, आणि कॉर्कच्या दक्षिणेला केप क्लिअर. केरीच्या टोकाशी असलेली ब्लास्केट बेटं मात्र १९५३ मध्ये रिकामी झाली (प्रश्न १२). या पानावर अरानबद्दल सगळ्यांत जास्त लिहिलं आहे, कारण मला तीच सगळ्यांत जवळून माहीत आहेत. २०२२ च्या जनगणनेत अरानच्या मोठ्या बेटावर ८२०, मधल्यावर १८४ आणि धाकट्यावर ३४३ माणसं होती.

२. नावं कशी म्हणायची? नकाशावरचं स्पेलिंग वाचून काहीच बोध होत नाही.

आयरिश भाषेचे लिपीचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने वाचलं की चुकतं. मोठं बेट ते इनिश मोर, मधलं इनिश मान, धाकटं इनिश ईर. ‘इनिश’ म्हणजे बेट, ‘मोर’ म्हणजे मोठं. ‘दून’ म्हणजे गढी आणि ‘किल’ म्हणजे चर्च किंवा मठाची जागा. एवढे चार शब्द माहीत असले तर निम्मा नकाशा कळतो.

३. फोटोत तर सगळा कातळच दिसतो. मग तिथे शेती कशी करत होते?

माझ्या मते या बेटांबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच.

अरान म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरच्या बरेन प्रदेशाचाच पुढे आलेला तुकडा. ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचलेला चुनखडीचा दगड. वर मातीचा थर जवळजवळ नाही आणि झरे-ओढेही फारसे नाहीत, कारण पाऊस भेगांतून सरळ खाली जातो. म्हणून लोकांनी माती तयार केली. आधी कातळातल्या भेगा दगडांच्या ढलप्यांनी बुजवायच्या, म्हणजे वर टाकलेलं खाली निसटणार नाही. मग किनाऱ्यावरची वाळू आणि वादळानंतर लाटांनी फेकलेलं समुद्री शेवाळ टोपल्यांतून, पाठीवरून किंवा गाढवावरून वर आणायचं. वाळूचा थर, शेवाळाचा थर, पुन्हा वाळू. भेगांतून खरवडून काढलेली मूळची मूठभर माती त्यात मिसळायची. असं वर्षानुवर्षं करत गेलं की वीतभर जाडीची जमीन तयार व्हायची आणि तिच्यात बटाटे, राय (गव्हासारखं एक धान्य) आणि थोडा भाजीपाला निघायचा. राय मुख्यतः काडासाठी लावत. त्या काडाने घरं शाकारत आणि वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून वरून दोर टाकून भिंतीतल्या खुंट्यांना बांधत.

पाण्यासाठीही अशीच युक्ती. शेताच्या कोपऱ्यात उतरती दगडी किंवा सिमेंटची फरशी केलेली असते, तिच्यावर पडलेला पाऊस खालच्या कुंडीत जमतो आणि गुरं तिथे पाणी पितात. चालताना या कुंड्या पाहायला विसरू नका.

४. एवढे गडगे कशासाठी? आणि शेतात गुरं नेणार कुठून, फाटक तर कुठेच नाही!

कोकणातल्या माणसाने हे गडगे पाहिले की तो आधी थबकतो, कारण पद्धत तीच: चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. तिन्ही बेटांवर मिळून दीड हजार मैल लांबीचे गडगे असावेत असा अंदाज नेहमी सांगितला जातो. कारणं साधी आहेत. जमीन साफ करताना निघालेले दगड कुठेतरी ठेवायला हवेत. केलेली माती वाऱ्याने उडू नये. गुरांना आसरा मिळावा. आणि वारसांत वाटणी होत होत शेतं लहान होत गेली. गडग्यात फटी मुद्दाम असतात. वारा त्यांतून गाळून जातो, अंगावर येत नाही, म्हणून हलका दिसणारा गडगा वादळातही उभा राहतो.

फाटकाचं म्हणाल तर बेटावर झाडंच कमी, लाकूड आणायचं कुठून? इनिश मानवर एका सकाळी एका आजोबांना गाय आत घेताना मी पाहिलं. गडग्यात दोन उभे दगड होते आणि त्यांच्यामध्ये गोलसर दगडांचा भराव. आजोबांनी तो भराव वरून एकेक दगड काढून गवतावर ओळीने मांडला, जसा काढला त्याच क्रमाने. गायीला घाई नव्हती, तिला हे माहीत असावं. ती आत गेल्यावर त्यांनी शेवटचा काढलेला दगड आधी उचलला, हातात एकदा फिरवला आणि त्याच्या जुन्या जागी ठेवला. पुढचाही तसाच. दहा मिनिटांत खिंडार बुजलं. कुठून उघडलं होतं ते मला नंतर ओळखता आलं नाही.

चुन्याशिवाय दगड रचण्याच्या या कलेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा आहे. २०२४ मध्ये त्या नोंदीत आयर्लंडचाही समावेश झाला.

५. दून एंगस हा किल्ला किती जुना आहे? कोणी बांधला?

इनिश मोरच्या दक्षिण कड्यावर, समुद्रापासून जवळपास १०० मीटर उंचीवर ही दगडी गढी आहे. अर्धवर्तुळाकार तटबंदीच्या रांगा, आणि उघडी बाजू थेट कड्याकडे. फार काळ तिच्याबद्दल फक्त दंतकथा होत्या. १९९० च्या दशकात डिस्कव्हरी प्रोग्राम या संशोधन संस्थेने पुरातत्त्वज्ञ क्लेअर कॉटर यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पहिली तटबंदी इ. स. पू. ११०० च्या सुमाराची. सर्वाधिक वर्दळ इ. स. पू. ८०० च्या आसपास, म्हणजे काशाच्या युगाच्या शेवटी. आत गोल घरांचे पाये सापडले, शिंपल्यांचे आणि हाडांचे ढीग सापडले, आणि काशाची शस्त्रं-अवजारं ओतण्याचे मातीचे साचेही. तांबं आणि कथील दोन्ही बेटावर नाही. ते बाहेरून आणवणारी ऐपत आणि ओळखी इथल्या लोकांकडे होत्या, हे त्या साच्यांच्या तुकड्यांवरून कळतं.

आज आपण पाहतो त्या जाड भिंतींचं मोठं काम मात्र बरंच नंतरचं, इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचं. तटाबाहेर टोकदार दगड उभे रोवून केलेला एक पट्टा आहे. त्यातून धावत येणं माणसाला आणि घोड्याला सारखंच अशक्य.

‘कोणी बांधला’ याचं उत्तर नावानिशी देता येत नाही. एंगस हे नाव पुराणकथेतलं आहे.

६. किल्ला अर्धाच का आहे? आणि जे दिसतं ते मूळचं की नंतर दुरुस्त केलेलं?

समुद्र कडा पोखरत असतो, त्यामुळे काही भाग खाली गेला असणार. पण आधी तो पूर्ण गोल होता असं गृहीत धरू नका. कड्याच्या बाजूला तटाची गरजच कुणाला वाटली असती?

दुरुस्तीबद्दलची शंका रास्त आहे. १८८० च्या दशकात सरकारी बांधकाम खात्याने भिंती पुन्हा रचल्या आणि बाहेरून टेकू देणारे दगडी धिरे उभे केले. ते धिरे पाहून ‘प्राचीन रचना’ म्हणून फोटो काढले जातात, पण ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहेत. त्याआधी गावातले लोक सशांच्या मागे दगड उपसत, त्याने भिंती ढासळत. १८५७ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या विद्वानांची सहल इथे आली, गढीच्या आतच मेजवानी झाली, आणि विल्यम वाइल्ड यांनी (ऑस्कर वाइल्डचे वडील) गावकऱ्यांना विनवलं की सशांपायी पूर्वजांचं हे काम पाडू नका.

अरानवर अशा आणखी गढ्या आहेत. गर्दी नको असेल तर इनिश मानवरच्या दून कोनोरला जा. तटावर तुम्ही एकटे असाल.

७. ‘सात चर्च’ म्हणतात तिथे आम्हाला दोनच दिसली. बाकीची पडली का?

नाही, इनिश मोरवरच्या त्या जागी चर्च दोनच आहेत. बाकी घरांचे आणि मठाच्या इमारतींचे अवशेष. सात हा आकडा पवित्र मानून नाव पडलं.

अरान हे आयर्लंडच्या सर्वांत जुन्या मठांपैकी एकाचं ठिकाण. पाचव्या शतकाच्या अखेरीस संत एन्डा इथे आले असं परंपरा सांगते, आणि पुढे इतरत्र मठ काढणारे अनेक जण त्यांच्याकडे शिकून गेले. मला सगळ्यांत आवडतं ते टेकडीवरचं संत बेनानचं चर्च. आतून जेमतेम तीन मीटर बाय दोन मीटर, आणि इतर चर्चसारखं पूर्व-पश्चिम नसून उत्तर-दक्षिण. इनिश ईरवरचं संत कीव्हानचं चर्च वाळूत बुडालेलं आहे. दर वर्षी गावकरी वाळू उपसतात आणि १४ जूनला संताच्या दिवशी तिथे जमतात. वाळू पुन्हा भरते, लोक पुन्हा उपसतात.

केरीजवळच्या स्केलिग मायकल या सुळक्यावर मधमाशांच्या पोळ्याच्या आकाराच्या दगडी झोपड्या आहेत. तिथल्या साधूंनी कातळात सहाशेवर पायऱ्या खोदल्या. १९९६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. जाण्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

८. बेटावरून माणसांच्या कवट्या चोरल्या होत्या म्हणतात. हे खरं आहे?

खरं आहे, आणि त्याबद्दल स्पष्टच लिहायला हवं. १८९० मध्ये आल्फ्रेड हॅडन आणि अँड्र्यू डिक्सन या संशोधकांनी इनिशबोफिनच्या संत कोलमनच्या मठाच्या भग्नावशेषातून गावकऱ्यांना न विचारता १३ कवट्या उचलल्या. त्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्या आणि शंभरहून अधिक वर्षं तिथेच राहिल्या. त्या काळी डोक्यांची मापं घेऊन माणसांच्या ‘जाती’ ठरवण्याचं वेड होतं. हॅडनने अरानवर जिवंत माणसांची डोकीही मोजली. त्याच सुमारास आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले हा ब्रिटिश अधिकारी नाकांची मापं घेत होता, म्हणून ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये.

बेटावरच्या लोकांनी अनेक वर्षं मागणी लावून धरली. २०२३ च्या फेब्रुवारीत कॉलेजने कवट्या परत द्यायचं मान्य केलं, आणि जुलैमध्ये त्या बोटीने घरी आल्या. गावाने त्या जुन्या दफनभूमीत पुन्हा पुरल्या. ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत, त्यांना खांदा द्यायला सगळं बेट आलं.

९. प्रत्येक घराण्याचा स्वेटरवरचा टाका वेगळा असतो आणि बुडालेल्याचं प्रेत त्यावरून ओळखत, हे खरं का?

नाही. हा प्रश्न मला सर्वाधिक येतो आणि उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. पण खरी गोष्ट या कहाणीपेक्षा मोलाची आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पांढरा, भरगच्च नक्षीचा अरान स्वेटर प्राचीन नाही. १८९१ मध्ये सरकारने पश्चिमेच्या गरीब, दाटीवाटीच्या भागांसाठी एक मंडळ स्थापन केलं. त्याने बेटांवर मासेमारीला चालना दिली, धक्के बांधले, बाहेरच्या मच्छीमारांना आणलं. त्यांच्या अंगात गडद निळे, घट्ट विणीचे मच्छीमारी स्वेटर असत. बेटावरच्या बायकांनी ती वीण पाहिली, उचलली आणि स्वतःची केली: जाड लोकर, वेण्या, चौकटी, मधाचं पोळं, सगळं एकाच अंगावर. पांढरे स्वेटर आधी मुलांच्या पहिल्या कम्युनियनसारख्या (चर्चमधला एक संस्कार) खास दिवसांसाठी असत. रोज होडीवर जाणारा बाप गडद रंगाचाच घाली.

१९३० मध्ये म्यूरियल गेहन यांनी डब्लिनमध्ये ग्रामीण हस्तकलेचं दुकान काढलं आणि बेटावरच्या बायकांना रोख गिऱ्हाईक मिळालं. १९४० च्या दशकात छापील नमुने निघाले. १९६१ मध्ये क्लॅन्सी बंधू हे गायक पांढरे स्वेटर घालून अमेरिकन टीव्हीवर आले आणि मागणी उसळली.

मग प्रेताची गोष्ट कुठून आली? आयरिश नाटककार जॉन सिंग यांच्या १९०४ च्या एका एकांकिकेत बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती पायमोज्यात सुटलेल्या टाक्यांवरून. मोजा तिनेच विणलेला असतो, म्हणून. ना स्वेटर, ना घराण्याचं चिन्ह. पुढे १९३० च्या दशकात हाइन्झ किव्ह नावाच्या लोकर व्यापाऱ्याने जुन्या हस्तलिखितांतल्या चित्रांशी संबंध जोडून ‘प्राचीन अर्थ’ पसरवले, आणि दुकानांनी आडनावांचे तक्ते लावले.

ज्या बायकांनी दोन-तीन दशकांत, दिव्याच्या उजेडात, छापील नमुन्याशिवाय ही अख्खी शैली घडवली, त्यांचं श्रेय आपण हजार वर्षांपूर्वीच्या काल्पनिक पूर्वजांना देऊन टाकतो. मला त्याचं वाईट वाटतं.

घ्यायचा असेल तर लेबल वाचा. हातविणीचा आणि यंत्रविणीचा यांत किमतीचा आणि वजनाचा मोठा फरक असतो, आणि लोकरही बरेचदा बाहेरच्या देशाची असते. यंत्रविणीचा वाईट असतो असं नाही. इनिश मानवर १९७६ पासून चालणारा विणकामाचा कारखाना यंत्रावरच काम करतो आणि त्याच्यामुळे बेटावर नोकऱ्या टिकल्या आहेत.

१०. मग बेटावरचा खरा जुना पोशाख कोणता?

न रंगवलेल्या जाड लोकरीचं ‘बॉनीन’ कापड, त्याच्या बंड्या आणि विजारी. बायकांचे मंजिष्ठासारख्या मुळाने रंगवलेले लाल परकर आणि शाली. लहान मुलग्यांनाही परकर घालत. मुलगे पळवणाऱ्या अदृश्य लोकांना चकवण्यासाठी, असं म्हणत.

पायात ‘पॅम्पूटी’: कच्च्या कातड्याचा एकच तुकडा, केस बाहेरच्या बाजूला, कडेने दोरी ओवून पायाभोवती आवळलेला. सुकलं की कातडं लाकडासारखं कडक होतं, म्हणून ती वहाण ओली ठेवावी लागे. धारदार कातळावर आणि ओल्या होडीत तिच्याइतका पाय दुसऱ्या कशानेच रोवत नाही.

आणि कमरेला ‘क्रिस’. हा रंगीत पट्टा विणायला माग लागत नाही. मी एका बाईंना विणताना पाहिलं. ताण्याचं एक टोक त्यांनी स्वतःच्या पायाला अडकवलं, दुसरं हातात. पाय ताणला की ताणा ताठ, पाय जरा सैल केला की दोरे वर-खाली करायला जागा. दोन्ही काठांना पांढरे धागे, आत लाल, निळा, हिरवा, पिवळा. मी रंगांचा क्रम विचारला तर म्हणाल्या, “डोळ्याला बरा दिसेल तो.” बोलता बोलता टाच दर वेळी नेमकी तेवढीच मागे जात होती.

११. ‘करख’ म्हणजे काय? आणि तिथल्या कोळ्यांना पोहता येत नव्हतं का?

करख ही लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याची हलकी होडी. पूर्वी वरून जनावरांची कातडी ताणत, नंतर कॅनव्हास आला आणि त्यावर डांबर. वल्ह्यांना रुंद पातं नसतं, टोकापर्यंत जवळजवळ सारखीच जाडी. खुंटीवर बसवलेली असल्यामुळे ती सोडून दिली तरी वाहून जात नाहीत. किनाऱ्यावर आली की तीन माणसं ती उलटी करून डोक्या-खांद्यावर घेतात, आणि लांबून सहा पायांचा काळा किडा चालल्यासारखं दिसतं. केरीत याच जातीच्या होडीला ‘नेव्होग’ म्हणतात.

धान्य, शवपेटी, पाद्री, सगळं करखमधून येई. धाकट्या दोन बेटांवर धक्का नव्हता तेव्हा गुरंही होडीमागे पोहवत नेत आणि पट्टा बांधून आगबोटीवर चढवत.

पोहण्याबद्दल: बरेच जण शिकत नसत हे खरं. त्या थंड पाण्यात आणि जाड लोकरीच्या कपड्यांत पोहणं म्हणजे मरण लांबवणं, अशी समजूत होती. पण दुसऱ्याला वाचवताना ते मागे राहिले नाहीत. ८ मार्च १९६० ला ‘प्लॅसी’ हे मालवाहू जहाज इनिश ईरच्या खडकावर आदळलं, तेव्हा गावकऱ्यांनी दोर टाकून अकराच्या अकरा खलाशांना बाहेर ओढलं. गंजलेलं जहाज अजून किनाऱ्यावर आहे.

१२. ब्लास्केट बेटं लोकांनी का सोडली?

तरुण उरले नाहीत म्हणून. ग्रेट ब्लास्केटवर १९१६ मध्ये १७६ माणसं होती. मग अमेरिकेचा ओघ सुरू झाला, विशेषतः मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डकडे. होडी वल्हवायला हात कमी पडले, शाळा बंद झाली. १९४६-४७ च्या हिवाळ्यात एक तरुण मेंदूज्वराने गेला. वादळामुळे ना डॉक्टर पोचू शकला ना पाद्री. एप्रिल १९४७ मध्ये बेटाने पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली: वादळात अडकलो आहोत, खायला काही नाही, अन्न पाठवा. १७ नोव्हेंबर १९५३ ला उरलेल्या २२ जणांचं स्थलांतर ठरलं. समोरच्या किनाऱ्यावर त्यांना घरं आणि जमिनी मिळाल्या, त्यामुळे आपलं रिकामं गाव त्यांना रोज दिसत राहिलं.

एवढ्याशा गावातून तोमास ओ’क्रोहन, पेग सेयर्स, मॉरिस ओ’सुलिव्हन असे लेखक आणि कथाकथक निघाले, ही आयरिश साहित्यातली मोठी घटना आहे. पेगने आपलं आयुष्य बोलून लिहवून घेतलं.

स्लायगोजवळचं इनिशमरी १९४८ मध्ये आणि इनिशबोफिनशेजारचं इनिशार्क १९६० मध्ये असंच रिकामं झालं.

१३. झाडं नाहीत तर चूल कशावर पेटवत?

दलदलीतून कापून वाळवलेल्या ‘टर्फ’वर. पण अरानवर तेही नाही, म्हणून ते गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारा भागातून गॉलवे हूकर या शिडाच्या होड्यांनी येई: काळं डांबरी अंग, विटकरी शिडं. परतताना होडीत चुनखडीचे दगड जात, कारण तिकडच्या आम्लधर्मी जमिनीला चुना हवा असे. नंतर गॅसचे सिलिंडर आले आणि होड्या शर्यतींपुरत्या उरल्या.

टर्फ विकत घ्यावं लागे, म्हणून पुरवून वापरत. आणि जोडीला गोवऱ्या! शेण वाळवून जाळण्याची रीत अरानवर होती. हे सांगितलं की माझ्या आईचा चेहरा खुलतो.

१४. आयरिश भाषा तिथे खरंच बोलतात की पर्यटकांसाठी?

खरंच बोलतात. अरान, टोरी, केप क्लिअर ही ‘गेलटख्त’, म्हणजे आयरिश ही व्यवहाराची भाषा असलेल्या प्रदेशात मोडतात. इनिश मानवर ती सर्वांत भक्कम आहे. तुमच्याशी लोक इंग्रजीत बोलतील. आपसात काय बोलतात ते कान देऊन ऐका. उन्हाळ्यात शाळकरी मुलं भाषा शिकायला बेटावरच्या घरांत राहायला येतात. इनिशबोफिनवर मात्र इंग्रजी चालते.

१५. अरानवरच्या जुन्या माहितीपटात महाकाय माशाची शिकार आहे. ती खरी का?

रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या १९३४ च्या त्या चित्रपटात समुद्र, कडे, शेवाळाने माती करणं हे खरं आहे. शिकार तेव्हा बंद होऊन कित्येक दशकं लोटली होती, लोकांना ती नव्याने शिकवावी लागली. पडद्यावरचं कुटुंबही खरं कुटुंब नव्हतं, वेगवेगळ्या घरांतून निवडलेली माणसं होती. पूर्वी त्या बास्किंग शार्कच्या यकृताचं तेल दिव्यांसाठी वापरत, एवढा त्याचा आधार.

१६. सरकार बेटावर राहायला जाण्यासाठी ७०-८० लाख रुपये देतं, असा मेसेज आला. अर्ज कुठे करायचा?

हा मेसेज २०२३ पासून फिरतो आहे आणि दिशाभूल करतो. त्या वर्षी आयर्लंडने बेटांसाठी दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. (पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे.) त्यात पडीक घरांच्या दुरुस्तीचं देशभर मिळणारं अनुदान बेटांसाठी वाढवलं: रिकाम्या घराला ६०,००० युरोपर्यंत, मोडकळीला आलेल्याला ८४,००० युरोपर्यंत. घर २००७ पर्यंत बांधलेलं, किमान दोन वर्षं रिकामं आणि तुमच्या मालकीचं हवं. पैसे दुरुस्तीसाठीच मिळतात, आणि नंतर तिथे राहावं किंवा ते भाड्याने द्यावं लागतं. व्हिसा मिळत नाही, नोकरी मिळत नाही. अर्जाच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

१७. आई-बाबांना घेऊन एका दिवसात काय पाहता येईल?

इनिश मोर. कॉनेमाराच्या किनाऱ्यावरच्या रोसाव्हील बंदरातून बोट साधारण ४० मिनिटांत पोचते. समुद्र खवळलेला असेल तर त्रास होतो, गोळी आधीच द्या. बेटावर मिनीबस आणि घोडागाडी मिळते. दून एंगसला शेवटची चढण खडकाळ आहे आणि कड्याला कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर सात चर्च आणि उत्तर किनारा पुरेसा सुंदर आहे. कॉनेमारातून लहान विमानही आहे, दहा मिनिटांच्या आत उतरवतं.

स्केलिग मायकल वयस्कर माणसांसाठी नाही. उतरण्याची परवानगी फक्त उन्हाळ्याच्या हंगामात, दिवसाला १८० जणांनाच, आणि हवा बिघडली तर बोट रद्द होते. पायऱ्या उंच आहेत, आधाराला कठडे नाहीत. सुळक्याभोवती फेरी मारणाऱ्या बोटीतून मात्र पाहता येतं.

१८. शाप देण्याचे दगड आणि उंदीर पळवणारी माती, या नुसत्या गोष्टी आहेत का?

दगड खरे आहेत. इनिशमरीच्या मठात वेदीवर गोलसर दगड मांडलेले आहेत. उपास करून ते उलट्या दिशेने फिरवले की शत्रूला शाप लागतो अशी श्रद्धा होती. पण तक्रार खोटी असेल तर शाप फिरवणाऱ्यावरच उलटतो, असंही मानत. टोरीवरची पवित्र माती उंदरांना दूर ठेवते असं तिथले लोक आजही सांगतात, आणि ती ठरावीक घराण्यातल्या माणसानेच द्यायची असते. टोरीवर गावाने मानलेला ‘राजा’ असायचा. पॅट्सी डॅन रॉजर्स हे शेवटचे राजे, चित्रकारही होते. धक्क्यावर येऊन ते पाहुण्यांचं स्वतः स्वागत करत. ते २०१८ मध्ये गेले.

१९. आठवण म्हणून एखादा दगड किंवा सापडलेली जुनी वस्तू आणली तर चालेल?

नाही. जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू कायद्याने राज्याची असते आणि ती लगेच कळवावी लागते. परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन शोधणं गुन्हा आहे. गडग्यातला दगड तर कुणाच्या तरी शेताचा भाग आहे. आणि कृपा करून कातळावर दगडांचे मनोरे रचू नका. त्यासाठी उपसलेल्या दगडांखाली भेगांतली झाडं असतात.

२०. प्रत्यक्ष जाणं शक्य नाही. घरबसल्या काय पाहता-वाचता येईल?

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून गोष्टी, औषधं, खेळ, हवामानाचे ठोकताळे वह्यांत उतरवले. तो संग्रह ‘दूखस’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, मुलांच्या हस्ताक्षरासकट. बऱ्याच वह्या इंग्रजीत आहेत. नकाशावरून गाव निवडा. शाळेचं नाव, मुलाचं नाव आणि ज्यांनी सांगितलं त्या म्हाताऱ्या माणसाचं वय पानावरच लिहिलेलं असतं.